परिच्छेद अकरा

३ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीनंतर पाळणाघर आज सुरू. पोरं मोजकीच. बाकीची अजून मामाच्या गावाला असतील म्हणावं, तर अन्वी इथेच आहे. काल गॅलरीतून दिसली बापाच्या खांद्यावर. दुपारी तिच्या आईचा, ऋजुताचा मेसेज: "काकू, थोडे दिवस घरीच ठेवतोय तिला." का ते नाही. मीही विचारलं नाही. अन्वीची निळी दुलई धुऊन ठेवली होती, ती घडी करून कपाटात टाकली.

मंदा म्हणते, "लय सुट्टी झाली का पोरं आळशी व्हत्यात." हरसूलहून माझ्याकडे कामाला आली तेव्हापासून तिचं हे एकच निदान, ताप असो की शेंबूड.

संध्याकाळी सगळी गेल्यावर टीव्ही लावला, बंद केला. मंदाने निघताना गॅस बंद आहे का ते दोनदा बघितलं.

५ नोव्हेंबर, बुधवार

त्रिपुरी पौर्णिमा. गॅलरीत पणत्या लावल्या. हे होते तेव्हा मागे उभे राहून सूचना, वात पुढे ओढ, तेल कमी घाल, वारा कुठून येतोय बघ. आता नीट लागतात पणत्या. कोणाला दाखवणार.

ओजसच्या आईनेही कळवलं, पुढच्या महिन्यापासून दुसरीकडे ठेवते. "घराजवळ पडतं." बाई समोरच्या बिल्डिंगमध्ये राहते. माझ्याहून जवळ काय आहे, तिचा जिना?

काहीतरी शिजतंय. मला सोडून सगळ्यांना वास आलाय.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

कळलं.

ऋजुता आली दुलई न्यायला. एकटीच. उभ्यानेच बोलत होती, मीच बस म्हटलं. पाणी घेतलं नाही. बिचारीला दिवाळीत मला खूश करायचं होतं. नकाशावर माझ्या पाळणाघराला पाच तारे द्यायचे आणि दोन ओळी चांगल्या लिहायच्या. म्हणून माझं नाव टाकून शोधलं, पूर्ण नाव. पाळणाघर राहिलं बाजूला, कोर्टाचा निकाल वर आला.

फोन माझ्यापुढे धरला. अर्जदार क्र. १ मनोहर विष्णू खैरनार. अर्जदार क्र. २ वासंती मनोहर खैरनार. आमचा नादारीचा अर्ज. ह्यांचं स्पेअर पार्टचं दुकान बुडालं तेव्हाचा. आमचं दिवाळं निघालं हे दुकानाजवळ द्वारका चौकात चहावाल्यापर्यंत माहीत होतं, त्याचं मला काही नाही. पण ती दिवाळ्याचं बोलत नव्हती. अंगठ्याने खाली सरकवत परिच्छेद अकरावर आली. माझं आजारपण. कुठे दाखल केलं, किती दिवस, गोळ्यांची नावं, आणि "स्वतःच्या जिवास धोका".

"काकू, मला कळायला नको होतं का?"

म्हटलं, "खूप वर्षं झाली त्याला."

"हो काकू. पण तुम्ही सांगितलं नव्हतं."

आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर मलाही चढवता आला असता. दुलई पिशवीत घातली आणि गेली. पोरीचं काय चुकलं? आपलं लेकरू ठेवताना आई चार गोष्टी बघणारच. पण मग मी काय दारावर पाटी लावायची होती, की पूर्वी एकदा मला जगावंसं वाटत नव्हतं?

८ नोव्हेंबर, शनिवार

स्वतःचं नाव स्वतः टाकून बघितलं. पहिलंच येतं. कोर्टाच्या साइटवरून कोणी उचललंय, त्याच्यावरून आणखी कोणी. मथळ्यापासून वाचत गेले, परिच्छेद अकराच्या तिसऱ्या ओळीला बंद केलं.

हा निकाल मी कधी वाचलाच नव्हता. लागला त्या दिवशी हे घरी आले, म्हणाले, "सुटलो. चहा शे का?" सटाण्याचा माणूस, जिवावरचं काही टळलं की अहिराणीत बोलायचे. मी चहा टाकला. विषय संपला.

त्याआधी पेपरात जाहीर नोटीस आली होती आमच्या नावाची. हे सकाळीच द्वारकेच्या स्टॉलवर गेले आणि तिथले होते नव्हते तेवढे पेपर विकत घेऊन आले. दिवाळखोर माणूस पेपरांचा गठ्ठा विकत घेतोय. मी म्हटलं, बाकी नाशिकचं काय? म्हणाले, बाकी नाशिक नोटिसा वाचत नाही. नंतर महिनाभर त्या पेपरांवर आम्ही भाजी निवडली. कागदाचं ते बरं होतं, रद्दीत गेला की गेला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

जोशी वकिलांकडे गेले, सीबीएस बसस्टँडजवळ, कोर्टासमोरच्या त्यांच्या जुन्या खोलीत. आमचा अर्ज त्यांनीच चालवला होता. खूप म्हातारे झालेत, पण ओळखलं. "वहिनी, या."

सांगितलं सगळं. तो परिच्छेद अकरा काढायचाय म्हटलं. म्हणाले, "त्या परिच्छेदानेच तर सुटलात. समोरच्यांचं म्हणणं होतं, ह्याने धंदा मुद्दाम बुडवला. आजारपण सांगितलं नसतं तर काय सांगणार होतो?"

"मला विचारलं होतं?"

"तुम्ही विचारण्याच्या अवस्थेत नव्हतात, वहिनी."

हे खरं आहे, म्हणून जास्तच राग आला.

अर्ज करता येतो म्हणे. नावं झाका, तेवढा मजकूर वगळा. कोर्ट ऐकेलच असं नाही. ऐकलं तर त्या साइटवाल्यांना आदेश दाखवून मागे लागायचं. आणि ह्या अर्जाचंही तसंच, नावानिशी बोर्डावर लागणार, शिपाई व्हरांड्यात पुकारा करणार, तारखा पडणार. म्हणजे झाकण्यासाठी आधी उघडं करायचं.

मी हसले. त्यांना आवडलं नाही. म्हणाले, "कोर्टाचं दार उघडं असतं ते बरं असतं, वहिनी. बंद दाराआड तुमच्या घरावर कोणी निकाल दिला असता तर तुम्हीच ओरडला असता." वकील म्हणून बरोबर बोलले असतील. त्यांच्या गोळ्यांची नावं कुठे लागलेली नाहीत.

वकीलपत्रावर सही करून आले.

१६ नोव्हेंबर, रविवार

रविवार नको वाटतो. मंदा येत नाही.

ह्यांचा फोटो पुसला आणि पुसता पुसता भांडले. जोशींचं एक वेळ ठीक, त्यांचा धंदा. पण तुम्ही? तुमचं दुकान बुडालं ते बुडालं. धंदा मंद आहे, धंदा मंद आहे, हेच ऐकत होते मी तेव्हा. आणि कोर्टात उभं राहून कारण कोणतं दिलंत, तर बायको. मी दवाखान्यातून परत आल्यावर त्या दिवसांबद्दल एक शब्द नाही काढलात माझ्याशी. मला वाटायचं, समजूतदारपणा. जजला मात्र सगळं सांगून झालेलं.

फोटोला काय, मिशीत हसतोय.

१९ नोव्हेंबर, बुधवार

कोणी वाचलंय आणि कोणी नाही, हे तोंडावरून कळत नाही. हाच ताप आहे. लिफ्टमध्ये खालच्या मजल्याच्या बाई म्हणाल्या, "बारीक झालात हो." वाचलंय? वरच्या मजल्यावरून डिंकाचे लाडू आले. वाचलंय नक्की. मग कळलं, सुनेचे दिवस भरत आलेत, सगळ्यांनाच वाटले. लाडू चांगले होते.

खिचडीचा अंदाज अजून जुनाच आहे. रोज उरते. मंदा डब्यात घालून नेते आणि तिसऱ्या दिवशी मला सांगते, "उद्या भात करा काकू, घरात लय बोंब हाय खिचडीची."

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आता दोनच मुलं. दोन मुलं म्हणजे पाळणाघर नाही, पाहुणे. मंदाने विचारलं, "माझं काय करनार?" म्हटलं, संक्रांतीपर्यंत तरी आहेस. 

जोशींच्या कारकुनाचा फोन. निकालाची प्रिंट काढा आणि कोणता मजकूर वगळायचा तो लाल पेनाने खोडून आणा. ओळ न् ओळ. "सगळा परिच्छेद नको असं मोघम चालत नाही, मॅडम."

२७ नोव्हेंबर, गुरुवार

झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढली. पानं बाहेर येताना मी मशीनपुढे आडवी उभी राहिले, तो वाचेल म्हणून. तो म्हणाला, "मावशी, बाजूला व्हा, पेपर अडकेल. दोन्ही बाजू काढू?" एवढंच. त्याला माझ्याशी काही देणंघेणं नव्हतं.

पोरं झोपल्यावर लाल पेन घेऊन बसले. अकरा उघडलं. पहिली ओळ खोडली, दुसरी, तिसरी. दवाखान्याचं नाव खोडलं. गोळ्या खोडल्या. पान उलटलं. त्यापुढे मी गेलेच नव्हते त्या दिवशी.

पुढे ह्यांची उलटतपासणी आहे.

इथे उतरवून ठेवते, जशी आहे तशी:

"अर्जदार क्र. १ याने उलटतपासात पुढीलप्रमाणे सांगितले. मी त्या काळात धंद्याकडे दुर्लक्ष केले, हे खरे आहे. दुकानात गिऱ्हाईक येत होते, हे खरे आहे. मी दुकान उघडले नाही. मी घरी थांबलो. पत्नीस एकटी ठेवली असती तर ती आज राहिली नसती. दुकान पुन्हा घालता येते. पुन्हा तशी वेळ आली तर मी तसेच करीन."

गिऱ्हाईक येत होतं.

धंदा मंद नव्हता. नुसतं मला सांगायचे तसं. स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसायचे दिवसभर, तांदूळ निवडत. खडा नसलेले तांदूळ पुन्हा पुन्हा निवडायचे. मी म्हणायचे, दुकानात जा, माझ्यापुढे बसू नका. म्हणायचे, जाऊन काय करू, कोणी येत नाही.

पोरं उठली. दूध दिलं. एकाने सांडलं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

काही केलं नाही आज. पोरांकडे मंदाच होती.

२ डिसेंबर, मंगळवार

मंदाला वाचून दाखवलं. कोणाला तरी दाखवायलाच हवं होतं, माझ्या पोटात मावत नव्हतं. ती भांडी पुसत ऐकत होती. तिला माझं आजारपण माहीत नव्हतं, आत्ता कळलं. तिकडे तिचं लक्षच नव्हतं.

"कोर्टात सांगितलं व्हय? आन घरी नाय?"

"घरी नाही."

"आमचा तर घरीबी नाय आन कोर्टातबी नाय." मग, "परत वाचा ते तांदळाचं."

तांदळाचं त्यात नाही, ते मी सांगितलेलं. तरी परत सांगितलं. पुढचं भांडं ती तसंच हातात धरून बसली होती.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा ह्यांच्याबद्दल कोणाशी बोलले. हे गेल्यावर लोक चौदा दिवस आले, नंतर माझ्याशी त्यांचा विषय टाळायला लागले. बरं वाटावं म्हणून टाळतात. वाटत नाही.

६ डिसेंबर, शनिवार

जोशींना फोन. म्हटलं, माझं आजारपण काढा, ह्यांचं बोलणं राहू द्या.

  म्हणाले, "वहिनी, आजारपण काढलं तर त्या बोलण्याला अर्थ काय उरतो? घरी थांबलो. कशासाठी थांबला? वाचणाऱ्याला वाटेल, आळशी माणूस होता."

"मग नुसती नावं झाका."

"ते होईल. अर्जदार क, अर्जदार ख. मजकूर तसाच राहील, फक्त कोणाचा ते कळणार नाही."

सोपं वाटलं ऐकताना. फोन ठेवल्यावर नाही वाटलं. म्हणजे हे बोलले ते कुठल्याशा क-ने कुठल्याशा ख-बद्दल बोलल्यासारखं होणार. माझ्यासाठी आयुष्यात कोणी भरल्या कोर्टात असं काही बोललं, तर ते एकदाच. ते पण बिननावाचं करू?

आणि नाही केलं तर जी आई उद्या माझं नाव टाकेल, तिला आधी गोळ्या दिसणार.

प्रिंट माझ्या कपाटात राहीलच, म्हणेल कोणी. राहील. पण कपाटात तर सगळं माझ्या एकटीपुरतंच आहे.

१० डिसेंबर, बुधवार

भाजीबाजारात अन्वी. मला बघून आईचा हात सोडून पळत आली आणि गुडघ्यांना मिठी. केस वाढलेत, डोळ्यांवर येतात. माझ्या पिशवीतलं गाजर मागितलं, दिलं. ऋजुता मागून आली. तिलाही हसावं की नाही कळेना, मलाही.

"रागावलात काकू?"

"नाही गं. तू आई आहेस."

मग ती म्हणाली, "मी पूर्ण वाचलं नव्हतं. तेवढं वाचून घाबरले आणि बंद केलं."

मीही तिथेच बंद केलं होतं, हे नाही सांगितलं. तोंडातून निघून गेलं, "मग पूर्ण वाच."

माझ्या कानांवर माझाच विश्वास बसेना. महिनाभर ज्याच्यावर पांघरूण घालायला धडपडतेय, ते मी भाजीबाजारात उभं राहून वाच म्हणतेय.  अन्वीने गाजर खाल्लं, शेंडा मला परत दिला.

१३ डिसेंबर, शनिवार

ऋजुताचं काही नाही. दिवसातून किती वेळा फोन बघते, लाज वाटते. पोरं नसलेला शनिवार रविवारपेक्षा लांब असतो.

१५ डिसेंबर, सोमवार

तारीख होती. मंदावर पोरं सोडून गेले.

व्हरांड्यात बाकावर बसले. जोशी आत-बाहेर करत होते. कोणाकोणाचे पुकारे चालले होते, कोणी उठत होतं, कोणी जागेवर नव्हतं. मग शिपाई दारात आला आणि ओरडला:

"मनोहर विष्णू खैरनार हाजिर?"

मयत अशी नोंद करायची कारकुनाकडून राहून गेलेली. मूळ प्रकरणात पहिलं नाव ह्यांचं, तेच उचललं. मला काहीच कळेनासं झालं. शिपायाचा आवाज मोठा. त्याने पुन्हा पुकारलं, व्हरांड्याच्या त्या टोकापर्यंत गेलं नाव. लोक इकडेतिकडे बघायला लागले, कोण तो म्हणून. मीही बघितलं. खरंच बघितलं, जिन्याकडे.

तिसऱ्यांदा पुकारल्यावर मी उठले. काय म्हणायचं ते माहीत नव्हतं. आयुष्यभर ह्यांचं नाव घेतलं ते उखाण्यात, तेही चार बायकांनी कोंडीत पकडलं तर. शिपाई म्हणाला, "तुम्ही मनोहर का?" शेजारचा कोणी हसला. म्हटलं, "मी त्यांची."

एवढंच. बायको, पत्नी, वारस, काही सुचलं नाही पुढे.

आत दोन मिनिटं. जजसाहेबांनी विचारलं, नक्की काय वगळायचंय, मजकूर की नावं? जोशींनी माझ्याकडे बघितलं. मी हातातल्या प्रिंटकडे. जोशींनी मुदत मागितली, मिळाली. नाताळच्या सुट्टीनंतरची तारीख. बाहेर आल्यावर मला ओरडतील वाटलं, पण त्यांनी चहा पाजला. म्हणाले, "मयत नोंद करून घेतो, पुढच्या वेळी असं होणार नाही."

मी म्हटलं, घाई नाही त्याची. त्यांना वाटलं, खर्चाचं बोलतेय.

२५ डिसेंबर, गुरुवार

थंडी. नाकातोंडातून वाफ निघते सकाळी. पोरांना सुट्टी, मंदा गावाला. दिवसभरात बोलले ती तीन माणसं: दूधवाला, गॅसवाला, आणि फोटो.

ऋजुताचा मेसेज आला दुपारी. "वाचलं काकू. पूर्ण. सासूबाईंनाही वाचून दाखवलं."

पुढे काही नाही. रडू आलं म्हणाली असती, सॉरी म्हणाली असती, अन्वीला पाठवते म्हणाली असती, नाही पाठवत म्हणाली असती, काहीही चाललं असतं. सासूबाईंना वाचून दाखवलं म्हणजे ह्यांचं वाचून दाखवलं की माझं? दोन्ही एकातच आहे, हेच तर जोशी सांगत होते. आता आणखी एका घरात माझ्या गोळ्यांची नावं गेली. आणि तांदूळ सोडून बाकी हेही गेले.

उत्तर लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. शेवटी पाठवलं: "अन्वीचे केस डोळ्यांवर येतात. क्लिप लाव."

७ जानेवारी, बुधवार

उद्या तारीख.

जोशींचा फोन येऊन गेला. काय सांगू कोर्टाला, मजकूर काढा, नावं झाका, की अर्जच मागे? म्हटलं, उद्या सांगते, तिथेच. "वहिनी, तिथे ठरवायचं नसतं." असतं किंवा नसतं, मला आज ठरवता येत नाही.

ऋजुताचं त्यानंतर काही आलं नाही. पण परवा ती निळी दुलई तिच्या गॅलरीत वाळत होती, आज नव्हती. एवढ्यावरून काय समजायचं. मंदा म्हणाली, "वाळली आसंल."

मोतिया रंगाची रेशमी साडी इस्त्री करून ठेवली, ह्यांना आवडायची. म्हटलं थंडीत सुती नको. मंदाला सकाळी लवकर यायला सांगितलंय. दोन पोरं आहेत, त्यांचा वरणभात तिला जमतो.

जोशींना शेवटी एकच विचारलं, ती मयत नोंद झाली का. म्हणाले, कारकुनाला सांगितलंय, पण काम कसं चालतं तुम्हाला माहीत आहे, राहिलीही असेल, माफ करा.

म्हटलं, काही हरकत नाही.

राहिली असली तर शिपाई उद्याही पुकारेल. ह्यांचं पूर्ण नाव मोठ्याने घेणारा आता तेवढाच एक माणूस उरलाय. पहिल्या पुकाऱ्याला उठायचं नाही, असं ठरवलंय. तिन्ही ऐकायचे.